कुत्र्याची दृष्टी अचानक जाते तेव्हा: जंतांची आणि गोचिडांची औषधे कितपत जबाबदार?

कुत्र्याला दिसेनासे झाले की घरातली माणसे गेल्या काही दिवसांत काय वेगळे घडले ते आठवू लागतात आणि त्या आठवणीत बहुधा सर्वांत आधी औषध येते. आठवड्यापूर्वी गोचिडांची गोळी दिली होती, चार दिवसांपूर्वी खरजेचे इंजेक्शन झाले होते, परवा मानेवर थेंब टाकले होते. ही शंका खुळी मुळीच नाही. जंत आणि बाह्य परजीवी यांच्यावर वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एका गटामुळे कुत्र्यांची दृष्टी खरोखर जाते, हे पशुवैद्यकशास्त्राला अनेक वर्षांपासून माहीत आहे. मात्र या एकाच शंकेतून दोन उलट दिशांच्या चुका होतात. काही जण सगळीच प्रतिबंधक औषधे दोषी ठरवून ती कायमची बंद करतात; तर काही जण ‘औषधाचा अंमल आहे, दोन दिवसांत उतरेल’ असे समजून थांबतात आणि ज्या आजाराला काही तासांत उपचार हवा होता त्याची वेळ निघून जाते. औषधे चांगली की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही. कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या कुत्र्याला आणि दृष्टी जाण्याच्या किती वेळ आधी दिले, या चार प्रश्नांना मात्र उत्तरे असतात आणि निदान त्यांच्यावरच उभे राहते.

आधी ‘अचानक’ या शब्दाकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. कुत्रा स्वतःच्या घरात डोळ्यांपेक्षा नाकावर आणि सवयीवर अधिक चालतो. पाण्याचे भांडे कुठे असते, जिन्याला किती पायऱ्या आहेत, सोफ्याचा कोपरा कुठे वळतो, हे सगळे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. दृष्टिपटलाचा हळूहळू ऱ्हास करणारे काही आनुवंशिक आजार आहेत. त्यांत कुत्रा महिनोन्महिने थोडी थोडी दृष्टी गमावत जातो आणि घरच्यांच्या ते लक्षात येते तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत कपाट हलवलेले असते किंवा सुटीत त्याला गावाकडच्या अनोळखी घरी नेलेले असते. मग ‘कालपर्यंत अगदी ठीक होता’ असे सांगितले जाते आणि सांगणारा खोटे बोलत नसतो. म्हणून घरच्यांनी मागचे आठवून पाहावे: संध्याकाळनंतर अंगणात उतरायला तो कचरत होता का, फेकलेला चेंडू शोधताना हुंगत फिरू लागला होता का, अंधाऱ्या जिन्यात थबकत होता का. रात्रीचे दिसणे आधी कमी झाले असेल तर आजार जुना आहे आणि गेल्या आठवड्यातल्या गोळीशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

पशुवैद्याकडे निघण्यापूर्वी घरात दोन गोष्टी पाहता येतात. कुत्र्याच्या तोंडासमोर थोड्या अंतरावरून कापसाचा बोळा खाली सोडावा. कापसाला आवाज नसतो, त्यामुळे कुत्र्याची नजर त्याच्यामागे गेली तर त्याला निदान काही तरी दिसत आहे. डोळ्यांपुढे हात हलवण्याची नेहमीची परीक्षा फसवी असते, कारण हाताने हललेली हवा त्याच्या मिशांना लागते आणि तो न दिसताही डोळे मिचकावतो. दुसरी गोष्ट बाहुल्यांची. अंधुक खोलीत टॉर्चचा प्रकाश डोळ्यात टाकल्यावर बाहुली आकसते की मोठीच राहते, हे पाहून ठेवावे, शक्य झाल्यास मोबाइलवर चित्रित करावे. बाहुली आकसली म्हणजे कुत्र्याला दिसते, असा मात्र याचा अर्थ नाही. बाहुली हलवणारा मार्ग आणि पाहण्याचा मार्ग काही अंतर एकत्र जाऊन पुढे वेगळे होतात. त्यामुळे बाहुल्या अगदी व्यवस्थित हलत असूनही कुत्रा आंधळा असेल तर बिघाड डोळ्यात नसून मेंदूत असण्याची शक्यता मोठी असते. झटका येऊन गेल्यावर काही कुत्र्यांना काही तास, कधी एखादा दिवस दिसत नाही, ते याच प्रकारात मोडते आणि पुढे गोचिडांच्या गोळ्यांचा विषय निघेल तेव्हा ही गोष्ट पुन्हा उपयोगी पडेल.

डोळा लाल झालेला, दुखरा, बुबुळावर निळसर धुके आलेले आणि बाहुली मोठी असेल, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. कुत्र्याच्या डोळ्यातला दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २५ मिलिमीटरइतका असतो. तो अचानक दुपटीवर गेला की एक ते तीन दिवसांत दृष्टिपटल आणि डोळ्याला मेंदूशी जोडणारी दृष्टिमज्जा यांचे कायमचे नुकसान होते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे रक्तदाब वाढून दृष्टिपटल सुटते, तिथेही रक्तदाब लवकर उतरवला तर दृष्टी वाचण्याची आशा असते. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना निदानानंतर वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो, आणि तो इतक्या झपाट्याने पिकतो की घरच्यांना ते एका रात्रीत घडल्यासारखे वाटते. या तिन्ही आजारांचा परजीवींच्या औषधांशी काही संबंध नाही. औषधाची शंका कितीही पक्की वाटत असली तरी डोळ्यातला दाब, रक्तदाब आणि रक्तातली साखर त्याच दिवशी मोजून घ्यावी, असे माझे मत त्यामुळेच आहे.

यानंतर येतो तो आजार, ज्याच्याभोवती औषधांविषयीची बरीचशी भीती गोळा झाली आहे. त्याचे लांबलचक नाव ‘सडन अक्वायर्ड रेटिनल डिजनरेशन सिंड्रोम’ असे असून सगळे त्याला सार्ड्स म्हणतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत त्याची पहिली वर्णने प्रसिद्ध झाली. मध्यम वयाचा, बहुधा सात ते दहा वर्षांचा आणि बहुधा लहान चणीचा कुत्रा काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत पूर्ण आंधळा होतो. डॅक्सहुंड, मिनिएचर श्नाउझर आणि पग या जातींत तो अधिक आढळतो, आणि यांपैकी डॅक्सहुंड व पग आपल्याकडच्या सदनिकांतही पुष्कळ आहेत. विलक्षण गोष्ट अशी, की सुरुवातीला डोळा तपासला तर दृष्टिपटल अगदी निरोगी दिसते. बिघाड दिसतो तो विद्युत आलेखात. हृदयाचा जसा ईसीजी काढतात, तसा दृष्टिपटलाचा इलेक्ट्रोरेटिनोग्राम काढतात. प्रकाशाची चमक पडली की निरोगी दृष्टिपटल विजेची लाट उमटवते, सार्ड्समध्ये मात्र रेषा सपाट राहते. प्रकाश टिपणाऱ्या दोन्ही प्रकारच्या पेशी काम थांबवून मरू लागलेल्या असतात, आणि पुढे काही महिन्यांनी दृष्टिपटल विरळ झालेले डोळ्यांनीही दिसते.

सार्ड्सची एक खूण फार उपयोगाची आहे. लाल प्रकाश टाकल्यावर बाहुली हलत नाही, पण तीव्र निळा प्रकाश टाकल्यावर ती आकसते. याचे कारण असे, की दृष्टिपटलाच्या आतल्या थरात मेलनॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही चेतापेशी असतात. त्या सुमारे ४८० नॅनोमीटर लहरलांबीच्या निळ्या प्रकाशाला स्वतःहून प्रतिसाद देतात आणि त्यांना प्रकाश टिपणाऱ्या इतर पेशींची गरज नसते. निळ्याला प्रतिसाद आहे आणि लालला नाही, म्हणजे दृष्टिमज्जा शाबूत आहे आणि बिघाड प्रकाश टिपणाऱ्या थरात आहे. दृष्टिमज्जेचा दाह झाला असेल तर बाहुली दोन्ही रंगांना हलत नाही. आलेख काढण्याचे यंत्र सगळीकडे नसते, त्यामुळे दोन रंगांच्या दिव्यांची ही साधी तपासणी अनेकदा दिशा ठरवते.

सार्ड्स झालेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना आंधळेपणाच्या सुमारास, कधी त्याच्या आधीच, भूक आणि तहान फार वाढते, लघवी वाढते, वजन चढते. हे चित्र कॉर्टिसॉल हे संप्रेरक अतिरिक्त पाझरणाऱ्या कुशिंगच्या आजारासारखे असते. त्यावरून संप्रेरकांचा, शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेल्या हल्ल्याचा आणि एखाद्या विषारी द्रव्याचा असे वेगवेगळे तर्क मांडले गेले, पण यांपैकी एकही सिद्ध झालेला नाही आणि दृष्टी परत आणणारा खात्रीचा उपचारही नाही. कारण अज्ञात असलेल्या आजाराभोवती शंका जमतात, हे स्वाभाविक आहे. परंतु कोणत्याही परजीवीनाशक औषधामुळे सार्ड्स होतो, असे आजवर दाखवता आलेले नाही.

आता त्या औषधाकडे वळू, ज्याच्याबाबत शंका घ्यायला भक्कम आधार आहे. ते म्हणजे आयव्हरमेक्टिन. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीच्या नमुन्यातून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूपासून त्याची सुरुवात झाली, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातले जंतनाशक द्रव्य ओळखले, १९८१ पासून ते जनावरांसाठी बाजारात आले आणि २०१५ साली या दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाला नदीकाठच्या माशीमुळे होणाऱ्या अंधत्वापासून वाचवणारे हे औषध चुकीच्या मात्रेत कुत्र्याची दृष्टी घालवते, ही गोष्ट विसंगत वाटते. पण त्याचे काम कसे चालते हे कळले की विसंगती उरत नाही.

जंतांच्या आणि किड्यांच्या मज्जापेशींवर क्लोराइडची अतिसूक्ष्म दारे असतात. ती उघडली की पेशी शांत होते. आयव्हरमेक्टिन ही दारे उघडून धरते, त्यामुळे जंताचे स्नायू लुळे पडतात आणि तो मरतो. नेमक्या या प्रकारची दारे सस्तन प्राण्यांत नसतात, मात्र आपल्या आणि कुत्र्यांच्या मेंदूत गाबा या रसायनाने उघडणारी त्यांच्यासारखी दारे असतात, आणि आयव्हरमेक्टिन पुरेशा प्रमाणात तिथवर पोचले तर त्यांच्यावरही अंमल करते. ते पोचत नाही, कारण मेंदूच्या आणि दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन पहारा देत असते. होडीत झिरपणारे पाणी नावाडी सतत उपसून बाहेर टाकतो, तसे हे प्रथिन आत शिरलेले औषध पुन्हा रक्तात ढकलत राहते. पाणी फार वेगाने येऊ लागले किंवा उपसणारा हातच नसला, तर होडी भरते. पहिला प्रकार म्हणजे अतिमात्रा आणि दुसरा म्हणजे जनुकातला दोष.

अतिमात्रेचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे, कारण त्याच्यात सगळी गोम आहे. हृदयातील जंत होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा दिली जाणारी मात्रा कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे ६ मायक्रोग्रॅम असते. तेच औषध खरजेच्या हट्टी प्रकारावर किलोमागे ३०० ते ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे पन्नास ते शंभर पट दिले जाते. गुरांसाठी मिळणाऱ्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते आणि ती मात्रा ५० किलो वजनाच्या गुरासाठी आखलेली असते. दहा किलोच्या कुत्र्याला कुणी ‘एक एमएल’ टोचले तर किलोमागे १,००० मायक्रोग्रॅम झाले. घोड्यांसाठीच्या पेस्टच्या एका पूर्ण नळीत सुमारे ११३ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असते; तिचा थोडासा सांडलेला भाग चाटलेल्या तबेल्यातल्या कुत्र्याच्या पोटात किती गेले, हे कुणालाच सांगता येत नाही. औषध दिलेल्या घोड्याच्या लिदीतूनही ते बऱ्याच अंशी न बदलता बाहेर पडते आणि कुत्री लीद खातात.

आपल्याकडे या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आयव्हरमेक्टिनच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या घरोघरी आल्या. गोवा सरकारने तर मे २०२१ मध्ये १८ वर्षांवरील सर्वांना पाच दिवस ही गोळी देण्याची घोषणा केली होती. अशा उरलेल्या पट्टीतली एक गोळी दहा किलोच्या कुत्र्याला देणे म्हणजे किलोमागे १,२०० मायक्रोग्रॅम, प्रतिबंधक मात्रेच्या दोनशे पट. जनुकदोष नसलेला कुत्रा कदाचित ती पचवेल, दोष असलेला पचवणार नाही. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजार पटींचे अंतर आहे आणि दशांशचिन्हाची एक चूक कुत्र्याच्या जिवावर बेतते. म्हणून गुरांचे, घोड्यांचे किंवा माणसांचे आयव्हरमेक्टिन कुत्र्याला घरच्या घरी देऊ नये, हे मी अगदी आग्रहाने सांगतो, मग ते शेजाऱ्याच्या कुत्र्याला कितीही लागू पडलेले असो.

या विषबाधेत कुत्रा लाळ गाळतो, त्याची चाल अडखळते, अंग थरथरते, बाहुल्या विस्फारतात आणि त्याला दिसेनासे होते. बाधा जबर असेल तर तो बेशुद्ध होतो. काही कुत्र्यांत मात्र बाकीची लक्षणे सौम्य राहून आंधळेपणच ठळकपणे पुढे येते. अशा काहींच्या दृष्टिपटलावर सूज आणि सुरकुत्या दिसल्याच्या आणि विद्युत आलेख क्षीण झाल्याच्या नोंदी आहेत. सार्ड्सपेक्षा वेगळेपण इथे दिसते, कारण सार्ड्समध्ये दृष्टिपटल सुरुवातीला स्वच्छ असते. त्याहून मोठे वेगळेपण पुढच्या वाटचालीत आहे. आयव्हरमेक्टिनने गेलेली दृष्टी औषध शरीरातून निघून जाईल तशी बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत परत येते. यावर उतारा असे औषध नाही. विष नुकतेच पोटात गेले असेल तर पशुवैद्य सक्रिय कोळसा देतात, शिरेतून द्रव देतात, शरीराचे तापमान आणि श्वास सांभाळतात. आयव्हरमेक्टिन चरबीत विरघळते, या गुणाचा उपयोग करून अलीकडे शिरेतून लिपिड इमल्शन, म्हणजे चरबीचे अतिसूक्ष्म थेंब असलेले द्रावण, देण्याचीही पद्धत आली आहे. या द्रावणानंतर आंधळ्या झालेल्या कुत्र्यांना पुन्हा दिसू लागल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आहेत, पण प्रत्येक कुत्र्यात ते सारखे लागू पडत नाही. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती प्रयत्न मात्र करू नये. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या फुप्फुसांत ओकारी शिरते आणि मिठाची स्वतःची विषबाधाही होते.

आता जनुकातला दोष. औषध बाजारात आल्यावर थोड्याच वर्षांत कोली जातीची कुत्री इतरांना सहज सोसणाऱ्या मात्रेने कोसळतात, हे लक्षात आले. इतर कुत्र्यांना किलोमागे २,००० मायक्रोग्रॅमच्या आसपास जाईपर्यंत एकाच मात्रेचा फारसा त्रास होत नाही, तर या कोलींना १०० च्या थोडे वर गेले तरी बाधा होई. कारण सापडायला २००१ साल उजाडले. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात कॅट्रिना मीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या कुत्र्यांच्या एमडीआर१ या जनुकातली, ज्याला आता एबीसीबी१ म्हणतात, फक्त चार अक्षरे गळालेली आहेत आणि त्यामुळे उपसणारे प्रथिन तयारच होत नाही. या विद्यापीठाच्या आकडेवारीनुसार सुमारे ७० टक्के कोलींत या दोषाची निदान एक प्रत असते. ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये सुमारे ५० टक्के, शेटलंड शीपडॉगमध्ये १५ टक्के, जर्मन शेफर्डमध्ये १० टक्के आणि मिश्र वंशाच्या कुत्र्यांतही ५ टक्क्यांच्या आसपास. दोष आहे की नाही हे दिसण्यावरून ठरवता येत नाही. कुणी आजोबा-पणजोबांच्या पिढीत कोली असेल तर तो लपून राहू शकतो. महिन्याला दिली जाणारी ६ मायक्रोग्रॅमची मात्रा मात्र दोन्ही प्रतींत दोष असलेल्या कोलीलाही सोसते, हे इथे लगेच सांगायला हवे, नाहीतर भीती नको तिथे जाऊन बसते.

जनुक उत्तम असूनही पहारा ढिला पडू शकतो. पिसवांवरचे स्पिनोसॅड हे औषध त्याच प्रथिनाच्या कामात अडथळा आणते, म्हणून खरजेसाठी मोठ्या मात्रेत आयव्हरमेक्टिन चालू असताना ते दिले तर विषबाधा होते आणि तसा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पूर्वीच दिला आहे. बुरशीवर दिले जाणारे किटोकोनॅझोलही असेच वागते. डोरामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन, मिल्बेमायसिन ही आयव्हरमेक्टिनची भावंडे असल्याने मोठ्या मात्रेत त्यांच्याबाबतही हीच सावधगिरी हवी. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर आधीच्यांनी काय दिले ते सांगणे म्हणूनच फार महत्त्वाचे ठरते. ‘खरजेचे एक इंजेक्शन झाले आहे’ एवढे सांगून भागत नाही, त्या कुपीवरचे नाव लागते.

गोचिडांच्या चघळायच्या गोळ्या हा यापेक्षा निराळा गट आहे आणि आज सर्वाधिक चर्चा त्यांचीच होते. अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर आणि लोटिलॅनर ही चार औषधे आयसोक्साझोलिन गटातली असून २०१३-१४ पासून ती एकेक करून बाजारात आली. आयव्हरमेक्टिन क्लोराइडची दारे उघडून धरते, तर ही औषधे किड्यांच्या शरीरातली तशीच दारे बंद करतात. त्यामुळे गोचिडाच्या मज्जापेशी शांत होण्याऐवजी अनावर चेतवल्या जातात आणि तो आचके देऊन मरतो. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या संपूर्ण गटाविषयी सूचना काढली. काही कुत्र्या-मांजरांत स्नायूंची थरथर, तोल जाणे आणि झटके असे परिणाम दिसले आहेत, तेव्हा पशुवैद्यांनी प्राण्याचा पूर्वेतिहास पाहून औषध द्यावे, असे त्यात म्हटले होते. अंधत्वाचा त्यात उल्लेख नव्हता. ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आलेले आहेत त्याला या गोळ्या देण्यापूर्वी दोनदा विचार करावा, हे माझ्या मते अगदी रास्त आहे. आणि गोळीनंतर झटका येऊन कुत्रा काही तास आंधळा झाला, बाहुल्या मात्र नीट हलत आहेत, तर वर सांगितलेला मेंदूचा तात्पुरता अंधार तो असू शकतो. तो सार्ड्स नव्हे.

मग या गोळ्यांनंतर कुत्रा कायमचा आंधळा झाल्याचे जे लोक सांगतात त्यांचे काय? ते जे पाहिले ते सांगतात, आणि त्यांच्या दुःखाला उडवून लावणे चूक आहे. पण महिन्याच्या गोळीचा एक गणिती सापळा असतो. नियमित गोळी घेणाऱ्या कुत्र्याला कोणताही आजार कोणत्याही दिवशी झाला, तरी तो शेवटच्या गोळीपासून तीस दिवसांच्या आतच होणार. तो गोळीनंतरच्या पहिल्या सात दिवसांत येण्याची शक्यता निव्वळ योगायोगानेही तिसात सात, म्हणजे जवळजवळ चारात एक एवढी भरते. बारा आठवडे टिकणाऱ्या फ्लुरालॅनरच्या बाबतीत तर कुत्रा जवळपास कायमच औषधाच्या अंमलाखाली असतो. लाखो कुत्री ही औषधे घेत असताना असे योगायोग मोठ्या संख्येने घडणार आणि प्रत्येक घरात तो योगायोग कारणासारखाच दिसणार. शिवाय या गोळ्या येण्यापूर्वी तीन दशके सार्ड्सच्या नोंदी होत होत्या. याचा अर्थ संशय नोंदवू नये असा नाही. उलट, संशय नोंदवण्यानेच तर २०१८ ची सूचना निघाली. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ यांसह पशुवैद्यामार्फत उत्पादक कंपनीला लेखी कळवावे.

खरी बाधा आणि योगायोग यांत फरक करायला वेळेचे गणित मदत करते. तोंडाने दिलेले आयव्हरमेक्टिन काही तासांत आणि टोचलेले एक-दोन दिवसांत रक्तात कमाल पातळीला पोचते, त्यामुळे एकाच मोठ्या मात्रेची बाधा बहुधा तेवढ्यातच दिसू लागते. खरजेसाठी रोज दिले जात असेल तर ते शरीरात साचत जाते आणि बाधा दोन आठवड्यांनीही प्रकट होऊ शकते. एकदाच योग्य मात्रेत दिलेल्या गोळीनंतर पंधराव्या दिवशी, लाळ नाही, थरथर नाही, तोल शाबूत आहे आणि कुत्रा फक्त आंधळा झाला आहे, अशा वेळी मी औषधाआधी इतर कारणे शोधीन.

सर्व गोळ्या बंद करण्याचा जो निर्णय भीतीपोटी घेतला जातो, त्याच्या दुसऱ्या बाजूला गोचीडताप उभा असतो. महाराष्ट्र आणि गोव्याच्या हवामानात तपकिरी गोचीड वर्षभर टिकतो, भिंतींच्या भेगांत आणि फरशीच्या सांध्यांत हजारो अंडी घालतो. त्याच्यामार्फत एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू कुत्र्याच्या रक्तात शिरतो आणि त्यासाठी गोचीड अंगावर काही तास चिकटलेला असला तरी पुरते. हा जिवाणू रक्त गोठवणाऱ्या बिंबिका कमी करतो, रक्तवाहिन्यांचा दाह करतो आणि त्याचा घाला डोळ्यांवरही पडतो: डोळ्याच्या आत दाह, रक्तस्राव, दृष्टिपटल सुटणे आणि त्यातून खरोखरच अचानक येणारे अंधत्व. म्हणजे अंधत्वाच्या भीतीने गोचिडांचे औषध सोडणारा कधी कधी अंधत्वाच्याच एका सिद्ध कारणाला घरात घेतो. वेळेत निदान झाले तर डॉक्सिसायक्लिनचा सुमारे चार आठवड्यांचा उपचार आणि डोळ्यांतील दाहावरची औषधे यांनी काही कुत्र्यांची दृष्टी वाचते. म्हणून आपल्याकडे अचानक आंधळ्या झालेल्या प्रत्येक कुत्र्याची बिंबिकांची संख्या आणि एर्लिकियाची चाचणी झालीच पाहिजे, अंगावर आज एकही गोचीड दिसत नसला तरीही.

कुत्र्याला दिसत नाही असे लक्षात आल्याच्या दिवशी सोबत काय न्यावे, हे यावरून ठरते: गेल्या तीन महिन्यांतल्या सर्व औषधांची पाकिटे आणि कुप्या, मात्रा आणि तारखा, कुत्र्याचे वजन, बाहुल्यांचे चित्रण. जवळच्या दवाखान्यात डोळ्याचा दाब मोजण्याचे यंत्र नसेल तर ‘उद्या पाहू’ न म्हणता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाची किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. निदान सार्ड्सचे निघाले, तर कुणी महागडा आणि खात्रीचा उपाय सांगितल्यास त्याचा पुरावा विचारावा, आणि लगेच कुत्र्याला संपवण्याचा निर्णय तर मुळीच घेऊ नये. सार्ड्स झालेल्या कुत्र्यांच्या मालकांना पुढे विचारले गेले तेव्हा बहुतेकांनी आपल्या कुत्र्याचे जगणे चांगले चालले असल्याचे सांगितले. फर्निचर जागच्या जागी ठेवले, जिन्याला फळी लावली, जवळ जाण्यापूर्वी हाक मारली की काही आठवड्यांत तो घराचा नकाशा नव्याने बसवतो.

आणि आयव्हरमेक्टिनने गेलेली दृष्टी परत आली, तरी काम संपत नाही. अशा कुत्र्याच्या गालाच्या आतल्या बाजूचा बोळा घेऊन एबीसीबी१ ची चाचणी करावी आणि निकाल त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावा. हा दोष फक्त खरजेच्या औषधापुरता नसतो. लैंगिक संपर्कातून पसरणाऱ्या गाठीवर आपल्याकडे नेहमी दिले जाणारे व्हिन्क्रिस्टिन, शस्त्रक्रियेआधी गुंगीसाठी दिली जाणारी एसप्रोमेझिन आणि ब्युटोर्फॅनॉल ही औषधे अशा कुत्र्याला कमी मात्रेत द्यावी लागतात, आणि जुलाब थांबवायला घरातल्या डब्यातून काढून दिली जाणारी माणसांची लोपरामाइडची गोळी तर त्याला देऊच नये.